रविवारी बिघडणारी मोटार

भाद्रपद लागला की मोशीला आमच्या सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर तेरडा फुलतो. बिल्डरने बोर्ड लावलाय, पत्र्याचं कुंपण घातलंय, पण तेरड्याला वाचता कुठे येतं. आज सकाळी त्या गुलाबी फुलांच्या कडेला सोसायटीचा माळी गवत कापायचं मशीन चालू करत होता. दोरी ओढायचा, मशीन खोकायचं आणि गप्प व्हायचं. चौथ्या झटक्याला माझा उजवा खांदा आपोआप हलला. सहाव्याला मी चहा तसाच ठेवून चपला शोधायला लागलो. मनीषा, माझी बायको, आतून म्हणाली, "अहो, खाली जाऊ नका. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या मशिनीत हात घालायची काही गरज नाही." मी परत बसलो. पण मन कधीच चाकणच्या पुढे, डोंगराआडच्या धरणावर जाऊन पोचलं होतं. तिथल्या एका पावसाळ्यात मी दोरी ओढून ओढून खांदा सुजवून घेतला होता, तो सगळा पावसाळा आठवला.

माझे आईवडील त्या धरणाच्या काठावर राहतात. आमचं जुनं गाव पाण्याखाली आहे. मी शाळेत होतो तेव्हा पाणी चढलं आणि आम्ही वर माळावर आलो. बाकीच्यांनी पाण्याकडे पाठ करून घरं बांधली. अण्णांनी मात्र दार पाण्याकडे ठेवलं. पुढे एक फायबरची होडी घेतली, आणि काही वर्षांनी कोकणातल्या एका बंदरावरून जुनी, आठ हॉर्सपॉवरची मोटार आणली. होडीच्या मागच्या फळीला टांगायची, दोरी ओढून चालू करायची, हाताने वळवायची. मूळचा निळा रंग उडून ती दुधात बुडवल्यासारखी दिसायची. अण्णा तिला रोज फडक्याने पुसायचे. आई तिला सवत म्हणायची. "सवतीची आंघोळ झाली का? मग या जेवायला."

पलीकडच्या काठावर एक वाडी आहे. तिथली दुधाची कॅन आणि महाळुंग्याच्या कंपन्यांत कामाला जाणारी पोरं अण्णा होडीने अलीकडे आणायचे. अलीकडच्या रस्त्यावर कंपनीची बस यायची. धरणाला वळसा घालून गाडीने यायचं तर तास मोडतो, होडीने पंधरा मिनिटं. शिफ्टची पोरं अर्धवट झोपेत बसायची, कोणी डबा मांडीवर घेऊन डुलक्या काढायचं. अण्णा त्यांना भाडं कमी आणि गप्पा जास्त लावायचे. सत्तरीच्या माणसाला रोज सकाळी आपली कोणीतरी वाट बघतंय एवढं पुरतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी आषाढात अण्णांचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना; मोटारीची दोरी ते डाव्या हाताने ओढत होते. खांदा बघायला म्हणून मी एका रविवारी गेलो. तोपर्यंत माझं जाणं म्हणजे दिवाळी, गावची यात्रा आणि वर्षाला एखादं लग्न. कंपनी, ओव्हरटाइम, मुलीची शाळा, ताथवड्याला तिचा क्लास. कारणं सगळी खरी होती. खोटी असती तर निदान लाज वाटली असती.

मी कंपनीत मेंटेनन्सला आहे. पत्रा दाबणारे मोठमोठे प्रेस सांभाळतो. वीस वर्षांत एक सवय हाडात गेली आहे. सैल नट दिसला की हात जातो, उघडं टोपण दिसलं की बंद होतो. घरात मनीषाला मीठ घ्यायला मला हाक मारावी लागते, बरणी मी बंद केलेली असते. होडीत उतरलो तर तिथे नुसता पसारा. पेट्रोलची टाकी तेलकट, नळी वेडीवाकडी, दोऱ्यांचा गुंता. माझ्यातला मेंटेनन्सवाला जागा झाला. मी टाकी चकाचक पुसली, नळी नीट बांधली, जे जे सैल होतं ते ते आवळलं. अण्णा काठावर बसून कौतुकाने बघत होते. "कंपनी ती कंपनी, राव," असं शेजाऱ्याला म्हणालेही.

मग आम्ही पाण्यात गेलो. मोटार एका झटक्यात चालू झाली. पावसाने डोंगर धुऊन निघाले होते, धरण अर्धं भरलं होतं. पेट्रोल आणि ऑइलचा तो गोडसर धूर नाकात गेला आणि मला एकदम बरं वाटलं. दहा मिनिटांनी मोटार कण्हली आणि बंद पडली. मी दोरी ओढली. पुन्हा ओढली. तीस-चाळीस झटक्यांनंतर वल्हं हातात घेतलं आणि घामाघूम होऊन काठ गाठला.

"आजपतुर असं कधी केलं न्हाई तिनं," अण्णा म्हणाले. ते मोटारीकडे असे बघत होते की जणू तिने पाहुण्यांसमोर उलट उत्तर दिलंय.

पुढच्या रविवारी मी हत्यारांची पेटी घेऊन गेलो. प्लग बदलला. जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं, टाकी पुन्हा पुसली, सगळं आवळलं. दहा मिनिटं चालली आणि बंद पडली. त्याच्या पुढच्या रविवारी कार्बुरेटर खोलून साफ केला. पुन्हा तेच. पेट्रोलच्या नळीत एक रबरी फुगा असतो, तो दाबून पेट्रोल मोटारीत ढकलायचं. तो फुगा चिपाडासारखा चेपलेला दिसला. मी म्हटलं, सापडलं दुखणं, रबर गेलंय. नवा फुगा आणला. तोही दहा मिनिटांत चेपला. मी दुकानदाराला शिव्या दिल्या.

गंमत म्हणजे मधल्या दिवसांत फोन केला की अण्णा म्हणायचे, "चालती की गुमान. दोन फेऱ्या झाल्या सकाळपासनं. पर रविवारी तू आलास की तिच्या अंगात येतंय." मला ते खोटं वाटायचं. वाटायचं, म्हातारा लपवतोय. त्याला कारणही तसंच होतं.

श्रावणात आमचा एक करार झाला होता. माझ्या मनात बऱ्याच दिवसांपासून दोघांना मोशीला आणायचं होतं. फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी होती. लिफ्ट होती, खाली दवाखाना होता. अण्णांचा धरलेला खांदा आणि मध्येच बंद पडणारी मोटार हे दोन्ही एका होडीत नकोत, असं मी म्हणालो, आणि ते चूकही नव्हतं. वाऱ्याच्या दिवशी पाण्याच्या मधोमध मोटार रुसली तर एका हाताने माणूस वल्हवणार किती?  अण्णा म्हणाले, "गौरीपतुर बघू. तवर सुधरली न्हाई तर होडी इकू अन् येऊ तुझ्याकडं." आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा थापायला लागला.

मोटार चाकणला नेली. पंप आणि दुचाक्या दुरुस्त करणारे बबन मिस्त्री म्हणून एक जाणते गृहस्थ आहेत. त्यांनी ती पाण्याच्या पिंपाला टांगली, वर खुंटीला पेट्रोलची बाटली अडकवली, नळी जोडली आणि दोरी ओढली. एका झटक्यात चालू. अर्धा तास चालली. मी शरमलो. डॉक्टरकडे नेलं की पोराचा ताप उतरतो, तसं झालं.

"भाऊ, हिला रोग काय आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

"पाण्यात गेली की दहा मिनिटांनी मरते."

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "मग गरम झाल्यावर कॉइल मार खात असणार. तुमच्या पाण्यात लोड येतो, इथं येत नाही. कॉइल बदला. खोलायचीच आहे तर कार्बुरेटरचं किट टाका, पाण्याचा पंप टाका. सगळं मिळून बावीस हजाराच्या घरात जाईल. राव, खरं सांगू का? एवढ्यात थोडी भर घालून दुसरी जुनी मोटार बघा. ही म्हातारी झाली."

त्या रात्री मी हिशोब मांडला. अण्णांनी ही मोटार पस्तीस हजारांना घेतलेली. तिच्यावर बावीस हजार घालायचे म्हणजे वेडेपणा. नवी घ्यायची तर लाखाच्या वर, आणि ती चालवणार कोण, तर धरलेला खांदा. कागदावर सगळं स्पष्ट होतं. कंपनीत मी असे कागद रोज करतो. मशीन कधी दुरुस्त करायचं आणि कधी भंगारात काढायचं हे ठरवायला आमच्याकडे एक फॉर्मच आहे. त्यात 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा असतो. मी तोही भरला. मोटार का बंद पडते? पेट्रोल पोचत नाही. का पोचत नाही? फुगा चेपतो. का चेपतो? इथे माझं पेन थांबलं. मी लिहिलं, 'वय'.

आज तो कागद आठवला की हसू येतं आणि थोडी लाजही वाटते. कारण ते एका शब्दाचं उत्तर लिहिताना मला वाईट वाटलं नव्हतं, हायसं वाटलं होतं. मोटार सुधारावी म्हणून मी दर रविवारी पन्नास किलोमीटर जात होतो, आणि आतून म्हणत होतो, नको सुधारू बाई. तू मेलीस की माझे आईबाप माझ्या घरी येतील.

गौर आली.

आमच्याकडे तेरड्याची गौर असते. तेरड्याची पाच रोपं पाणवठ्यावर धुऊन आणायची. पण आमचा पाणवठा जुन्या गावाबरोबर खाली गेलेला. नव्या गावातल्या बाकीच्या बायका नळावर धुतात. आईला ते पटत नाही. "गौर माहेरवाशीण हाय. तिला ठावं असलेल्या जागंवरनंच आणायची." म्हणून ती दरवर्षी होडीत बसते, बरोबर जुन्या पाणवठ्याच्या वर जाते आणि तिथे रोपं बुडवते. ती जागा ती कशी ओळखते कोण जाणे. दोन डोंगरांची टोकं जुळवते म्हणते. रोपं धुतली की त्याच पाण्याची चूळ तोंडात धरायची, आणि गौर घरात येईपर्यंत ती टाकायची नाही, गिळायची नाही. म्हणजे बोलायचं नाही. मुक्याने आणलेली गौर घराला लाभते.

मनीषा आणि मुलगी घरी थांबल्या, रांगोळीची पावलं काढत. मी आदल्या संध्याकाळी येऊन होडी शेवटची पुसून, आवळून ठेवली होती. आई, अण्णा आणि मी निघालो. धरण काठोकाठ होतं. ऊन-पावसाचा खेळ चालला होता. पाणवठ्याच्या वर आलो तेव्हा आईने हाताने थांब म्हणून खूण केली. मी मोटार बंद केली. आईने पदर डोक्यावरून घेतला, वाकून रोपं पाण्यात सोडली, धुतली, आणि ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. ती लग्न होऊन ज्या घरात आली, ते घर त्या पाण्याखाली होतं. ती क्षणभर तशीच वाकून राहिली. मग ताठ बसली आणि चला म्हणून मान हलवली.

मी दोरी ओढली. मोटारीने एक उसासा टाकला, बस्स.

वीसेक झटके झाले. वारा आम्हाला हळूहळू घरापासून लांब ढकलत होता. अण्णांचा चेहरा उतरला. गौरीपर्यंतचा वायदा संपला होता आणि ती बाई अगदी गौरीला घेऊनच बंद पडली होती. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "वल्हं घे. झालं तिचं." एवढंच म्हणाले, पण त्या 'झालं'मध्ये होडी, सकाळच्या फेऱ्या, शिफ्टची पोरं, सगळं आलं. मला आतून जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात माझा हात पुन्हा दोरीकडेच गेला.

तेवढ्यात आईने 'हुं हुं' केलं. तिचे गाल फुगलेले, डोळे वटारलेले, आणि ती पायाच्या अंगठ्याने जवळच्या पेट्रोलच्या टाकीवर टकटक करत होती.

"काय म्हनती?" अण्णा.

"टाकी पायात येते वाटतं," मी म्हणालो आणि टाकी सरकवली. आईने कपाळावर हात मारला आणि पुन्हा अंगठा टोपणावर आपटला.

"पेट्रोलचा वास येतोय तिला. टोपण सैल आसंल," अण्णांनी निदान केलं. मी टोपण आणखी आवळलं. आईच्या तोंडातून असा आवाज आला की चूळ आता माझ्या तोंडावर येते की काय. पण नाही. तीस वर्षांची निष्ठा होती ती. तिने गौरीची रोपं अलगद अण्णांच्या मांडीवर ठेवली, मला कोपराने बाजूला सारलं, आणि टाकीच्या टोपणावर एक चिमुकला स्क्रू असतो तो दोन बोटांनी उलटा फिरवला. टाकीने 'सुऽऽऽ' करून दम घेतला. चेपलेला फुगा डोळ्यांसमोर टम्म झाला. आईने तो दोनदा दाबला, रोपं परत घेतली आणि हनुवटीने दोरीकडे खूण केली.

एका झटक्यात मोटार चालू झाली.

टाकीतून पेट्रोल बाहेर जायचं तर आत हवा शिरायला वाट लागते. तो स्क्रू म्हणजे ती वाट. वर्षानुवर्षं तो उघडा होता, इतका की अण्णांना तो असतो हेच आठवत नव्हतं. मी आलो, टाकी पुसली आणि आवळला. दर रविवारी न चुकता आवळला. मिस्त्रींकडे टाकी नेलीच नव्हती, म्हणून तिथे मोटार शहाणी. आणि आमच्या प्रेसच्या तेलाच्या टाकीला हवा घ्यायला खास जाळी असते, ती दर महिन्याला साफ कोण करतं? मीच. तीन वेळा 'का' विचारलं, पण एकदाही 'कोण' विचारलं नव्हतं. अण्णा आधी गोंधळले, मग त्यांना कळलं, आणि ते एवढे हसले की गौरीसमोर बरं नाही म्हणून आईने त्यांना डोळ्यांनी दटावलं.

घरी उंबऱ्यावर मनीषाने आईच्या पायांवर पाणी घातलं. आईने तुळशीपाशी चूळ टाकली. तिच्या तोंडातलं पहिलं वाक्य माझ्यासाठी असणार म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. पण ती शांतपणे म्हणाली, "गौर आली." मनीषाने विचारलं, "कशाच्या पावली?" "सोन्याच्या पावली." मग घरभर फिरून धान्याची कणगी, दुधाचं भांडं, देवघर, सगळं गौरीला दाखवून झालं. माझी पाळी भाजी-भाकरीचा नैवेद्य झाल्यावर आली.

"दोन भोकं पाडल्याबिगर तेलाचा डबा तरी रिकामा हुतो का?" तिने विचारलं. "एक तेलाला, एक वाऱ्याला. येवढं शिकून येवढं कळंना?"

"तुला कधी कळलं?"

"आखाडातच. गवताला चाललो हुतो, मोटार मेली. टाकी माझ्याच पायापाशी. टोपण बघितलं, बारका खिळा आवळल्याला. ढिला केला, झालं. दर सोमवारी ढिला करत हुते."

"दर सोमवारी?" माझा घास हातातच राहिला. "मग सांगितलं का न्हाईस? मी दोन महिने खांदा मोडून घेतला. मिस्त्री बावीस हजार सांगत होता."

  आईने माझ्या ताटात अजून थोडी भाजी वाढली. मग भाकरी मोडत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोटार चांगली हुती तवा तू वर्साला दोनदा यायचास."

 मनीषाने पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे ठेवला. मी मग सांगून टाकलं. म्हणालो, आई, मी देवाकडे काय मागत होतो माहितीये का? मोटार सुधारू नये म्हणून मागत होतो. तुम्ही माझ्याकडे यावं म्हणून.

"ठावं हाय," ती म्हणाली. "आमी आलोबी असतो. पर तू कंपनीत अन् आमी गॅलरीत. रविवारी तू झोपला असतास."

मला रागावता आलं असतं. तिने मला फसवलं होतं. पण मीही दोन महिने वरून पाना आणि आतून हातोडा घेऊनच येत होतो. आम्हा मायलेकरांना एकच गोष्ट हवी होती आणि दोघांनी ती बिचाऱ्या मोटारीकडून काढून घ्यायचं ठरवलं होतं. अण्णांनी हात धुता धुता निकाल दिला, "होडी काय इकत न्हाई आता." खांद्यासाठी मग आम्ही दोरीला लांब लाकडी मूठ बसवली आणि वाडीतला एक जण रोज सकाळी ती ओढून द्यायला लागला. बावीस हजारांच्या जागी दीडशे रुपये गेले. स्क्रूला मी आजवर हात लावलेला नाही.

गणपती गेले, आणि त्यानंतरचा पहिला रविवार उजाडला. तो मला लख्ख आठवतो. सकाळी दारात हत्यारांची पेटी होती. सवयीने उचलली आणि मग खाली ठेवली. तिचं काय काम होतं? आणि पेटीचं काम नाही तर माझं काय, हा प्रश्न मला जिन्यातच पडला. आमच्यासारख्या माणसांना दुरुस्तीचं निमित्त असलं की कुठेही जाता येतं. नुसतं जाऊन बसायचं कसं, हे कोणी शिकवलेलं नसतं. चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत अडकलो तेव्हा दोनदा मनात आलं, परत फिरावं, पुढच्या रविवारी बघू. नाही फिरलो.

अण्णा होडीत बसून मोटार पुसत होते. मला बघून त्यांनी आधी माझे रिकामे हात बघितले.

"पेटी कुटाय?"

"न्हाई आणली."

"मोटार चांगली हाय."

"माहितीये."

"घरी काय झालं का? सूनबाई बरी हाय ना?"

"सगळं बरं आहे, अण्णा. असाच आलोय."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. मग घराकडे तोंड करून, पलीकडच्या वाडीलाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अगं ए, दत्ता आलाय! असाच आलाय!"